साल फेकू नका, पण डोळे झाकून खाऊही नका

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावरचे मान्यवर, मंडळाची कार्यकारिणी, सर्व देणगीदार, आणि मागच्या रांगेत बसून "जेवण कधी?" असं एकमेकांना खुणेनं विचारणारी आमची मित्रमंडळी, सर्वांना मनापासून नमस्कार. जेवणाआधीचं शेवटचं भाषण आमचं आहे, याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. त्यामुळे घड्याळाकडे लक्ष ठेवूनच बोलतो.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअर इंजिनियर. एक नागपूरचा, एक कोल्हापूरची, आणि गेली काही वर्षं दोघंही मार्कहॅमचे. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. मग आम्ही आरोग्यावर का बोलायचं? त्याला कारण आहे बाहेरच्या टेबलावर ठेवलेली उटण्याची सव्वाशे पाकिटं. मंडळातल्या पाच घरांनी मिळून ती तयार केली आहेत, आणि त्यांच्या विक्रीतून येणारा प्रत्येक डॉलर विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी जाणार आहे. या उटण्यात पाचवा हिस्सा संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड आहे. ती आपल्याच घरांतून गोळा केलेली आहे.

पाकिटांची बातमी पसरल्यापासून लोक आम्हांला दोन प्रश्न विचारताहेत. पहिला, "यानं नक्की काय होतं?" दुसरा, "पोटात घेतलं तर चालतं ना? घरचंच तर आहे!" दुसऱ्या प्रश्नानं आम्ही दचकतो. का दचकतो, ते सांगण्यासाठीच आज इथं उभे आहोत.

सुरुवात नागपुरापासून करू. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसले यांनी संत्र्याचं झाड नागपुरात आणलं, असं सांगतात. पुढे काटोल, नरखेड, कळमेश्वर, आणि तिकडे अमरावती जिल्ह्यातले वरुड, मोर्शी असा सगळा पट्टाच संत्र्याचा झाला. वरुडला तर लोक कौतुकानं 'विदर्भाचं कॅलिफोर्निया' म्हणतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिकडे संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं साधारण दिवाळीच्या सुमारास यायला लागतात, आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. आमच्या नागपूरच्या घरी आजीचा हिशेब ठरलेला होता. मृग बहाराची संत्री खाऊन झाली की साली गच्चीवर जुन्या धोतरावर पसरायच्या. एप्रिल-मेचं नागपूरचं ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. चार दिवसांत साली अशा वाळायच्या, की हातात घेतल्या की कट्‌कन मोडाव्यात. मग त्या डब्यात भरून ठेवायच्या, आणि नवरात्र संपलं की खलबत्त्यात कुटून, वस्त्रगाळ करून दिवाळीच्या उटण्यात घालायच्या. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा आणि ही संत्र्याची साल. नरकचतुर्दशीच्या पहाटे थंडीनं कुडकुडत पाटावर बसलं की पहिला वास यायचा तो या सालीचा. कोल्हापूरच्या घरी उटणं दुकानातून पाकिटात यायचं, पण वास तोच. लग्नानंतर आमचं ज्या थोड्या गोष्टींवर पहिल्याच दिवशी एकमत झालं, त्यातली ही एक!

इथं आल्यावर मात्र आम्ही साली सरळ हिरव्या डब्यात टाकायचो. दर आठवड्याला कचऱ्याची गाडी यायची आणि आमचं नागपूर घेऊन जायची. आम्हांला काही वाटायचंही नाही.

डोळे उघडले आमच्या शेजारच्या चिनी आजींनी. आपल्या मार्कहॅमची जवळजवळ निम्मी वस्ती चिनी वंशाची आहे. दिवाळीला आम्ही आजींकडे चकल्या पाठवतो, आणि चिनी नववर्षाला त्या आमच्याकडे छोट्या संत्र्यांची पिशवी पाठवतात. एका वर्षी पिशवीबरोबर त्यांची नात आली आणि लाजत म्हणाली, "आजी म्हणतेय, फळं तुम्ही खा, पण साली तिला परत द्या." आम्ही चकितच झालो. दुसऱ्या दिवशी साली घेऊन गेलो, तर आजींनी त्या बघून मान हलवली. आम्ही साली वेड्यावाकड्या सोलल्या होत्या. मग त्यांनी स्वतः एक संत्रं घेतलं, वरून तीन चिरा दिल्या आणि साल अशी काढली की देठाशी जोडलेल्या तीन पाकळ्या झाल्या. त्या दोऱ्यात ओवून त्यांनी खिडकीशी टांगल्या.

या वाळवलेल्या सालीला चिनी लोक 'चेनपी' म्हणतात. त्याचा अर्थच मुळी 'जुनी साल'. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातल्या शिनह्वे भागातली चेनपी सर्वांत नावाजलेली. ती निदान तीन वर्षं मुरली पाहिजे, असा संकेत आहे. खोकला-कफ आणि पोट जड होणं यांवर त्यांच्या परंपरागत वैद्यकात ती शेकडो वर्षं वापरतात. मटणात घालतात, लाल चवळीसारख्या डाळीच्या गोड सूपमध्ये घालतात. स्टील्स आणि केनेडीच्या कोपऱ्यावर पॅसिफिक मॉल आहे. तो १९९७ पासून आहे आणि तिथं आपण सगळेच जाऊन आलो आहोत. त्या मॉलच्या आसपासच्या जडीबुटीच्या दुकानांत काचेच्या बरण्यांमधून दिसतात त्या काळपट तपकिरी पाकळ्या म्हणजे हीच चेनपी. जितकी जुनी तितकी महाग.

आजींनी आम्हांला एक बरणी दाखवली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर नातीच्या जन्माचं वर्ष लिहिलेलं होतं. त्या वर्षीच्या साली त्यांनी तिच्या लग्नासाठी ठेवल्या आहेत म्हणे. मराठीत 'ती साल' आणि 'ते साल' असे दोन शब्द आहेत. त्या बरणीत दोन्ही एकत्र होती. घरी येताना आम्ही दोघं गप्पच होतो. नागपूरची आजी आणि ही आजी, एकमेकींची भाषा कळणं शक्य नाही, पण गच्चीवरचं धोतर आणि खिडकीतला दोरा, गोष्ट एकच.

तर त्या हिवाळ्यापासून आम्ही साली वाळवायला लागलो. कृती सांगतो, म्हणजे घरी करता येईल.

पहिली गोष्ट फळाची. आपण ज्याला संत्रं म्हणतो ते सैल सालीचं. इथं मॅन्डरिन, क्लेमेंटाइन या नावानं नाताळच्या आधी खोक्यांतून येतं, ते त्याचं जवळचं नातेवाईक. मोठं घट्ट सालीचं नेव्हल ऑरेंज चालतं, पण त्याचं पांढरं अस्तर जाड, त्यामुळे पूड जास्त कडवट होते.

दुसरी गोष्ट धुण्याची. लांबचा प्रवास करून येणाऱ्या फळांना बुरशी लागू नये म्हणून सालीवर औषध आणि वर मेणाचा हात मारलेला असतो. खोक्यावर बारीक अक्षरांत इमॅझलिल, थायाबेंडाझोल अशी नावं लिहिलेली असतात, ती वाचा. फळ सोलून साल फेकणाऱ्याला त्याचा विशेष फरक पडत नाही, पण आपण नेमकी सालच वापरणार आहोत! कोमट पाण्यात ब्रशनं घासून धुतलं तर काही भाग जातो, सगळा नाही. म्हणून पोटात जाणार असेल किंवा अंगाला लावायचं असेल, तर सेंद्रिय फळच घ्यावं. साबण लावून फळ धुवू नका, तो सालीत मुरतो.

तिसरी गोष्ट वाळवण्याची. ऑन्टारियोच्या हिवाळ्यात ऊन नाही, पण फर्नेस आहे! हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते, की आपले ओठ फुटतात. तीच हवा सालींना वरदान. जाळीवर एकेरी थर पसरून व्हेंटजवळ ठेवा, आठवडाभरात वाळतात. घाई असेल तर ओव्हन सगळ्यांत कमी तापमानावर ठेवून, दार किंचित उघडं ठेवून वाळवा. साल वाकली तर ती ओली आहे, मोडली तरच झाली. ओलसर साल दळली, तर बरणीत बुरशी येते, आणि मग वरचा थर काढून खालचा वापरू, हा आपला काटकसरी बाणा कामाचा नाही. सगळी बरणी टाकायची. ताज्या सालीत जवळजवळ पाऊण हिस्सा पाणी असतं, म्हणजे किलोभर ओल्या सालीतून पाव किलोच्या आसपास पूड मिळते.

आता उपयोग. सालीच्या वरच्या केशरी भागात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत साल पिळून आपण जो छळ केलाय, तो याच तेलाचा. पणतीच्या ज्योतीवर साल पिळली की तडतड ठिणग्या उडायच्या, आठवतंय? या तेलाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. ते पेट घेतं, आणि चिकटपणा आणि मेणचटपणा विरघळवतं. घरी मुलांना एक प्रयोग दाखवा. थर्माकोलच्या तुकड्यावर ताजी साल पिळा, तिथं खड्डा पडतो. आमच्या मुलीनं तो शाळेत करून दाखवला आणि दिवसभर भाव खाल्ला.

म्हणून ताजी साल बरणीवरच्या लेबलाचा चिकट डाग काढते, स्टीलच्या सिंकवर घासली तर तेलकटपणा जातो. साली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन आठवडे बुडवून ठेवल्या, की गाळून ओटा पुसायला छान पाणी तयार होतं. फक्त ग्रॅनाइटवर आणि संगमरवरावर वापरू नका, व्हिनेगरनं दगडाची चकाकी जाते. वाळलेली साल शेकोटी पेटवायला उत्तम. घरात मांजर असेल, तर मात्र या तेलापासून तिला लांब ठेवा, तिला ते बाधतं.

स्वयंपाकात ही पूड चिमटीनं वापरायची. केकमध्ये, शिऱ्यात, संत्र्याच्या बर्फीत. गुळाच्या पाकात साल घालून केलेलं गोज्जू कर्नाटकात आवडीनं खातात. आमच्या कोल्हापूरच्या बाजूला बेळगाव जवळ, त्यामुळे ती चव सासरमाहेर दोन्हीकडे पोचली आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आरोग्याला नक्की काय होतं? इथं आमच्यातला इंजिनियर जागा होतो, म्हणून थोडा हिशेब.

तुम्हांला फोनवर निरोप येतात, "संत्र्याच्या सालीत फळापेक्षा दुप्पट-अडीचपट क जीवनसत्त्व!" हे खोटं नाही. १०० ग्रॅम ताज्या सालीत सुमारे १३६ मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम गरात ५३. चोथा म्हणजे फायबर सालीत दहा ग्रॅमहून जास्त, गरात अडीचच्या आत. पण मंडळी, १०० ग्रॅम साल कोण खातं? चमचाभर पूड म्हणजे दोन ग्रॅम धरा, ती साधारण सात ग्रॅम ताज्या सालीची. म्हणजे क जीवनसत्त्व झालं जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं वाळवताना, उकळताना, बरणीत पडून राहताना उडून जातं. मोठ्या माणसाला रोज लागतं ७५ ते ९०. म्हणजे पुडीचा चमचा घेऊन जे मिळेल, त्याच्या कितीतरी पट अख्खं संत्रं खाऊन मिळेल. फळ टाकून साल खायची, असा उलटा कारभार करू नका.

मग सालीत काहीच नाही का? आहे. सालीत हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य असतं, ते १८२८ साली लेब्रेटोन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं संत्र्याच्या सालीच्या पांढऱ्या अस्तरातूनच वेगळं केलं. आज मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांवर डॉक्टर ज्या डायॉस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या देतात, त्यांत हेच असतं. पेक्टिन असतं, ज्यामुळे मार्मालेड घट्ट होतं. रक्तदाब, सूज, साखर यांवर या द्रव्यांचे प्रयोग चालू आहेत, काही आशादायकही आहेत. पण प्रयोगशाळेतलं शुद्ध, मोजलेलं द्रव्य वेगळं आणि आपल्या मिक्सरमधली पूड वेगळी. चमचाभर पुडीनं रक्तदाब उतरतो, चरबी वितळते, असं म्हणायला आज आधार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, हे अजून टेस्टिंगमध्ये आहे, रिलीज झालेलं नाही.

आणि त्वचेचं? मुलतानी माती आणि मसूर पिठाबरोबर ही पूड मळ आणि तेलकटपणा काढते, अंगाला सुवास येतो, हे खरं. इथल्या कोरड्या थंडीत ती नुसती लावू नका, सायीत किंवा दह्यात कालवा, नाहीतर त्वचा अजून ओढली जाते. काहींना लिंबूवर्गीय तेलाची ॲलर्जी असते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा.

पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मागच्या दिवाळीत भारतातल्या एका नातेवाईक बाईंनी व्हिडिओ कॉलवर आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं, "संत्र्याच्या सालीचं उटणं रोज लाव हं, उजळशील." फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "उजळायचं म्हणजे काय? मी आत्ता कशी आहे?" आम्हां दोघांनाही पटकन उत्तर सुचेना. त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, आपण सगळे हेच ऐकत मोठे झालो. पण उटण्यानं मळ जातो, रंग जात नाही, आणि जायची गरजही नाही. म्हणून पाकिटावर आम्ही 'कांती उजळते' असं लिहिलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर पाकिटं पटापट खपतील, असं आम्हांला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. माफ करा, ते आम्हांला जमलं नाही.

आता तो दुसरा प्रश्न, "पोटात घेतलं तर चालतं ना?" याचं उत्तर आम्ही चुकून शिकलो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा मंडळात साली गोळा केल्या. कार्यक्रमाला येताना घरच्या वाळलेल्या साली घेऊन या, असं सर्वांना सांगितलं. लोकांनी पिशव्या भरभरून आणल्या. आम्ही उत्साहानं सगळं एकत्र दळलं, तीन मोठ्या बरण्या भरल्या. त्याच सुमारास नागपूरहून बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. नागपूरच्या माणसाला संत्र्याचा वास आल्यावर काय होणार? ते रोज सकाळी अर्धा चमचा पूड टाकून काढ्यासारखा चहा करून घ्यायला लागले. आम्हांलाही बरं वाटलं, बाबा रमले म्हणून.

बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या संपत आल्या, म्हणून इथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. फार्मासिस्ट बाईंनी बाटलीवर एक छोटा स्टिकर लावला आणि विचारलं, "हे ग्रेपफ्रूट खातात का?" आम्ही हसत म्हणालो, "नाही हो, हे फक्त संत्र्याच्या सालीचा चहा पितात." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठल्या सालीचा? नक्की माहीत आहे?"

नक्की? घरी येऊन आम्ही फोन करायला सुरुवात केली. चौथ्या फोनवर कळलं, की एका घरानं ग्रेपफ्रूटच्या साली दिल्या होत्या, 'मोठी संत्री' समजून. आणखी एका घरानं पपनसाच्या. चांगल्या मनानंच दिल्या होत्या.

यामागचं कारण समजून घ्या, कारण त्याचा शोध आपल्या इथंच लागला. १९८९ साली लंडनला, म्हणजे आपल्या ऑन्टारियोतल्या लंडनला, डॉ. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपीन या औषधाबरोबर दारू घेतली तर काय होतं, ते तपासत होते. दारूची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. नंतर लक्षात आलं, की दोष दारूचा नव्हे, रसाचा. आपल्या आतड्यात काही औषधं मोडणारं एक एन्झाइम असतं. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकूमरिन नावाची द्रव्यं ते बंद पाडतात. मग गोळी एकच घेतली, तरी शरीरात शिरते दोन-तीन गोळ्यांइतकी. परिणाम दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो, म्हणून 'साल सकाळी, गोळी रात्री' ही युक्तीही चालत नाही. कोलेस्टेरॉलची काही औषधं, रक्तदाबाची काही, आणि इतरही बरीच या यादीत आहेत.

ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रं यांचा संकर. त्यामुळे पपनसातही ही द्रव्यं असतात, आणि मार्मालेडच्या कडू सेव्हिल संत्र्यातही. ती नुसत्या रसात नाहीत, सालीतही असतात. आपलं साधं गोड संत्रं, मॅन्डरिन यांत ही भानगड सहसा नसते. पण सगळ्याची पूड एकदा झाली, की रंग तोच, वास तोच. कुठली साल कुणाची, हे बरणी सांगत नाही.

बाबांना काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री आम्ही तिन्ही बरण्या रिकाम्या केल्या. हिवाळाभराची पाच घरांची मेहनत हिरव्या डब्यात गेली. बाबा जवळ उभे होते. म्हणाले, "अरे, आजी कधी दुसऱ्याच्या घरची साल घ्यायची नाही. आम्हांला वाटायचं सोवळं आहे." सोवळं होतं की शहाणपण, आता विचारायला आजी नाही. पण आम्हांला तेव्हा कळलं, की तिची कृती आम्ही घेतली आणि तिची खबरदारी विसरलो. 'घरचं आहे' आणि 'नैसर्गिक आहे' हे दोन शब्द ऐकले, की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही. या वेळच्या साली आम्ही पाच घरांनी स्वतः विकत घेतलेल्या सेंद्रिय मॅन्डरिनच्या आहेत. एकही बाहेरची नाही.

म्हणून आमचं उत्तर असं: या पाकिटातलं उटणं फक्त बाहेरून लावायचं. घरी सालीचा चहा करायचा असेल, तर स्वतः ओळखून सोललेल्या संत्र्याचा करा, चिमूटभर घ्या, आणि रोजचं औषध चालू असेल तर आधी फार्मासिस्टला विचारा. विचारायला इथं पैसे पडत नाहीत.

शेवटी दोन शब्द, ही साल जिथून आपल्या आठवणीत आली त्या मुलखाबद्दल. आमचं आजोळ काटोलकडे. तिथं संत्र्याला दिवस चांगले नाहीत. ऐन बहारात फळगळ होते आणि बागेत केशरी सडा पडतो, दिसायला सुंदर आणि शेतकऱ्याच्या काळजाला घरं पाडणारा. वरुड-मोर्शीकडे पाण्याची पातळी खोल खोल गेली आहे. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी २०१९ पासून आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं, आणि त्याचा फटका भावाला बसला. सैल सालीचं नाजूक फळ, लांबचा प्रवास सोसत नाही. बहुतेक माल ताजाच विकला जातो, आणि प्रक्रिया करणारे कारखाने त्यामानानं थोडे. चीनमध्ये एका भागातल्या लोकांनी नुसत्या सालीवर बाजार उभा केला. आपल्याकडे फळालाच भाव नाही, तर सालीला कोण विचारतो? हे आमच्या पाकिटांनी बदलणार नाही, एवढं भान आम्हांला आहे. पण त्या बागांतून शाळेत जाणाऱ्या काही मुलांची फी या टेबलावरून निघू शकते, आणि त्यांच्यातलं कुणीतरी उद्या सालीचं मोल करणारा कारखाना काढेल. आमच्यासारखं सॉफ्टवेअरमध्ये गेलं नाही तर!

पाकिटावर तीन ओळी छापल्या आहेत. कशाकशाचं आहे ते. फक्त बाहेरून लावा. आधी थोडं लावून बघा. आमच्या आयुष्यात आम्ही हजारो ओळी कोड लिहिलं असेल, पण या तीन ओळींवर जितकी चर्चा केली तितकी कशावरच नाही. घेताना त्या वाचा. आणि घरी जाऊन आई-बाबांच्या औषधांच्या बाटल्यांवरचे स्टिकरही एकदा वाचा. आमचं भाषण विसरलात तरी चालेल, ते विसरू नका.

मागच्या रांगेची चुळबुळ वाढली आहे, तेव्हा थांबतो. साली सोलायला, वाळवायला, वस्त्रगाळ करायला हात लावलेल्या पाचही घरांचे, जागा दिलेल्या कार्यकारिणीचे, आणि शेजारच्या आजींचे मनापासून आभार. येणारी दिवाळी आपणां सर्वांना सुखाची, आरोग्याची जावो.